तळहातावरचा ढग

पारिसा चौगुले हा माणूस मुळात वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पुढं त्याचा राग येणार आहे, तेव्हा तेवढं ध्यानात असू द्या.

निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा थोरला मुलगा, बेळगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. बाकीची मास्तरमंडळी तास संपला की छत्री बगलेत मारून घरी जायची, आणि हा गडी कागदावर रेणू मांडून बसायचा. कोणता रेणू कोणाला किती ओढतो, कोण कोणाला ढकलतो, याचा हिशेब नुसत्या गणितानं करायचा आणि मग छाती ठोकून सांगायचं, अमुक द्रव अमुक ठिकाणी असा वागेल. त्याला हात लावायचा नाही, डोळ्यांनी बघायचं नाही. आधी कागदावर घडवायचं, जगात नंतर घडलं तर घडलं. हे शास्त्र तेव्हा नवं होतं आणि बेळगावात त्याचं वेड लागलेला हा एकटाच.

वेड लागलं तेही कशाचं, तर तंबाखूचं! तंबाखूतलं निकोटीन शुद्ध करून पाण्यात घातलं की गारव्यात दोन्ही गुण्यागोविंदानं एकजीव होतात. नळी कशी पाण्यासारखी नितळ. तीच तापवत नेली की एका ठराविक तापमानाला एकदम दुधाळ होते, आत ढग उतरल्यासारखी. गार केली की पुन्हा नितळ. एवढं पुस्तकात होतंच. पारिसाचं म्हणणं त्यापुढचं होतं. एक विशिष्ट क्षार त्यात चिमूटभर घाला, तो ढग यायचं तापमान इतकं खाली येईल की नळी नुसती मुठीत धरली तरी तळहाताच्या उबेनं दुधाळ होईल. चूल नको, दिवा नको. कलकत्त्याच्या एका पत्रिकेत हे छापून आलं. छापणाऱ्यांनी खाली एक ओळ घातली होती, की हे भाकीत प्रयोगाची वाट बघत आहे.

आणि ते वाट बघतच राहिलं. लढाई सुरू झाली आणि जर्मनीतून येणारं शुद्ध निकोटीन बंद पडलं. निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या थप्प्या आढ्याला लागलेल्या, शिंकल्याशिवाय गल्लीतून जाता येत नव्हतं, आणि ह्याला हवं ते चमचाभर निकोटीन मिळेना. पारिसा झुरला. झोपेतसुद्धा मूठ आवळून झोपायचा म्हणे. अखेर मुंबईच्या एका मित्रानं कुठून तरी एक काचेची बंद कुपी पैदा केली आणि धाडून दिली. बोटाएवढी कुपी, पण थेंब जिभेवर पडला तर माणूस जागेवर आडवा व्हावा असलं जहर.

प्रयोग करायचा भावकूनं, हे ठरलेलंच होतं. भावकू पाटील बेळगुंदीचा, शेतकऱ्याघरचा, पारिसाबरोबरच मुंबईला शिकलेला आणि त्याच कॉलेजात रसायन शिकवणारा. हात असा साफ की काचेची नळी त्याच्या बोटांत निवांत बसायची. स्वभाव मात्र तिखट, कुणाची भीड धरणार नाही. दोघांची गट्टी होती. एका खोलीत राहून एका ताटात जेवलेली पोरं ती.

भावकूनं निम्मी कुपी वापरली. नळी भरली, क्षार घातला, नळीचं तोंड वितळवून बंद केलं आणि मुठीत धरली. प्रयोगशाळेत प्रिन्सिपल, इतिहासाचे नागोजीराव आणि वरच्या वर्गाची मुलं जमलेली. सगळे बघताहेत. मूठ उघडली की नळी नितळ. पुन्हा धरली, चहा आला, चहा संपला, नळी नितळच. मग त्यानं ती पाण्याच्या भांड्यात धरून हळूहळू तापवली. ढग आला, पण पुष्कळ वर.

"येतोय रं ढग," भावकू म्हणाला, "पण तुझ्या आकड्यावर न्हाय. लई वर येतोय. तुझं गणित कुठंतरी घसरलंय."

झालं. पारिसाच्या कानशिलातून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते चार माणसांसमोर असं आपटलं, आणि तेही जिवलग मित्राच्या तोंडून, त्याच्या त्या रोखठोक सुरात. त्याच्या तोंडून निघून गेलं, "औत हाकणाऱ्याच्या घरातनं आलेल्याला काचेतलं काय दिसणार? मुठीत ढग आला आणि गेला असंल, तू म्हशीसारखा बघत बसलायस!"

मुलं हसली. हसणारच, पोरंच ती. भावकूचा चेहरा काळवंडला. अहो, ह्याचा स्वतःचा आजा चिकोडीच्या माळावर औत हाकून मेला होता, पण रागाच्या भरात माणसाला आजा आठवत नाही. भावकू एवढंच म्हणाला, "तू करून बघ मग. पाणी माझंच ने, म्हंजे मागनं पाण्याचा वाद नको." आणि त्यानं स्वतः वाफ धरून गाळलेलं शुद्ध पाणी बाटलीत भरून, बूच घट्ट बसवून त्याच्या हातात दिलं.

पारिसा कोळशाच्या धुरावर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीनं निपाणीला आला. पावसाळ्याचे दिवस, आणि त्या साली गावात दिगंबर जैन महाराजांचा चातुर्मास होता. ज्या घरी महाराज आहार घ्यायचे ते घर आधीपासून सोवळ्यात. पारिसाच्या घरी त्याची आई, जिला सगळं घर आक्का म्हणायचं आणि पारिसाही आक्काच म्हणायचा, ती चौका, म्हणजे महाराजांच्या आहाराचा सोवळा स्वयंपाक, मांडून बसलेली. दारात पाय ठेवायचा तो धुऊन, पाणी घ्यायचं ते दुहेरी कापडातून गाळून, उकळून. अख्खं घर लवंगेच्या आणि ओल्या धोतरांच्या वासानं भरून गेलेलं. पारिसानं बाटली देवळीत ठेवली आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी माडीवर बसून त्यानं नळी भरली. भावकूचंच पाणी, त्याच कुपीतलं निकोटीन, तोच क्षार. नळी बंद केली, गार होऊ दिली आणि मुठीत धरली. मूठ उघडली तर आत दूध! पांढरंशुभ्र! त्यानं नळी गार पाण्यात बुडवली, नितळ झाली. पुन्हा मुठीत धरली, पुन्हा ढग. गडी माडीवरून "आप्पा, आप्पा" करत धावत खाली आला आणि तंबाखूचा भाव करत बसलेल्या बापाच्या हातात ती नळी कोंबली. आप्पांना काय कळणार, पण पोरगं रडतंय हे बघून तेही रडले.

इथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण थांबतो कशाचा! तडक बेळगाव गाठलं. मास्तरांच्या खोलीत सगळे असताना त्यानं ती नळी दुसऱ्या कुणाच्या नाही, भावकूच्याच हातात दिली. "धर मुठीत."

भावकूनं धरली. उघडली. त्याच्या स्वतःच्या तळहातावर ढग उतरलेला.

"पाणी कुठलं?" त्यानं हळूच विचारलं.

"तुझंच. तू भरून दिलेलं."

मग बोलायला उरलं काय? पाणी तेच, औषध तेच, तेव्हा खोट बघणाऱ्यातच. प्रिन्सिपलनी पारिसाची पाठ थोपटली आणि त्याच आठवड्यात वरच्या वर्गाची प्रयोगशाळा भावकूच्या हातून काढून घेतली. भावकू एका शब्दानं भांडला नाही. ज्याच्या जिभेला धार होती तो असा गप्प झाला, ह्याचं पारिसाला तेव्हा जरासुद्धा नवल वाटलं नाही. त्याला वाटलं, जिरली.

निपाणीच्या व्यापाऱ्यांनी पारिसाला फेटा बांधला. चिकोडीहून पाहुणे आले, त्यांनाही तो ढग बघायचा होता. एव्हाना पहिली नळी दाखवून दाखवून फुटली होती. पारिसानं कुपीतला उरलासुरला अंश काढला आणि देवळीतली बाटली घ्यायला हात घातला, तर चौक्यातून आक्काची हाक आली.

"थांब रं, ते पाणी घेऊ नगंस. त्याची मर्यादा संपलीया. ताजं करून देते."

"कसली मर्यादा?"

"उकळून प्रासुक केलेल्या पाण्याला मर्यादा असती न्हवं? येळ टळली की परत जीव पडत्यात त्यात." आक्का हात पुसत बाहेर आली. "तू आणलंस त्या दिवशीच बघितलं मी. गाळलं न्हाय, काय न्हाय, बाटलीत कवाचं भरलेलं. महाराजांचा पाय लागायचा घरात आन् असलं पाणी देवळीत! उकळलं, लवंगेची पूड घातली, गाळून परत भरून ठेवलं. तवापास्नं रोज बदलते बघ. तुझ्या कामाला पाप नको लागाय."

पारिसानं बूच काढलं आणि नाकाला लावलं. लवंग. सगळ्या घरालाच त्या दिवसांत लवंगेचा वास होता, त्यात बाटलीचा वेगळा कुठला कळायला! लवंगेच्या तेलाचा अंश पाण्यात उतरला की निकोटीन त्याच्याकडे झुकणार, पाण्याचा हात लवकर सोडणार आणि ढग खाली येणार. हे उमगायला त्याला कागद-पेन्सिल लागली नाही.

पाहुण्यांना त्यानं डोकं दुखतंय म्हणून वाटेला लावलं. मग परसात चुलीवर साध्या पाण्याचं पातेलं ठेवलं, वर पितळी थाळा तिरपा धरला आणि थाळ्याला धरलेले वाफेचे थेंब वाटीत गोळा केले. नळी भरली. मुठीत धरली. आक्का दारातून कौतुकानं बघत होती. नळी नितळ होती. त्यानं दोन्ही हातांत धरली, काखेत धरली, वेड्यासारखी छातीशी धरली. नळी नितळच राहिली.

म्हणजे भावकूनं बरोबर बघितलं होतं. गणितच घसरलं होतं. आणि ह्यानं काय केलं होतं, तर एका खऱ्या डोळ्याच्या माणसाला भर वर्गात आंधळा ठरवलं होतं.

आता कुणीही म्हणेल, मग जा की बेळगावला आणि सांग! सांगणं सोपं असतं हो, दुसऱ्याला. पारिसा रोज सकाळी उठून ठरवायचा, आज सांगतो. कॉलेजच्या पायऱ्या चढायचा, भावकू समोरून यायचा आणि हा भलत्याच वर्गात शिरायचा. फेटा डोळ्यांपुढं यायचा, आप्पा रडलेले आठवायचे. आक्कालाही त्यानं काही सांगितलं नाही, तिनं स्वतःला दोष देऊन अन्न सोडलं असतं. तेवढ्यात दशलक्षण पर्व लागलं आणि तो रजा घेऊन निपाणीला राहिला. रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दहा धर्मगुणांपैकी एकेकावर प्रवचन, आज क्षमा, उद्या मार्दव. सत्याचा दिवस आला तेव्हा पारिसा पोट दुखतंय म्हणून घरात पडून राहिला. आक्कानं ओव्याचा काढा आणून दिला, तो त्यानं मुकाट्यानं प्यायला. स्वतःची इतकी किळस त्याला जन्मात आली नव्हती.

पर्व संपलं की क्षमावणी. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडतात, कळत नकळत चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतात, आणि समोरचा क्षमा करतो. नाही म्हणायची रीतच नाही. आणि पारिसाच्या मनात एक पळवाट आली. आज भावकूकडे जावं, हात जोडावेत. कशाबद्दल ते तो विचारणार नाही. क्षमा तर मिळेल, तोंड उघडायला नको. एवढा शिकलेला माणूस, आणि बुद्धी कुठं चालवली बघा!

भावकू वडगावात विणकरांच्या आळीत भाड्यानं राहायचा. घराघरांतून हातमागांचा खडखडाट चाललेला. पारिसा दारात उभा राहिला. भावकू पाटावर बसून तांदूळ निवडत होता आणि त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. जाड काचांचा, नवा कोरा.

पारिसानं घाईघाईनं हात जोडले. "भावकू, कळत नकळत काय चुकलं असंल तर क्षमा कर."

"व्हय रं, आज तुमची क्षमावणी न्हाय का!" भावकू हसला. किती दिवसांनी हसला होता. "केली, केली. बस." त्यानं बायकोला हाक मारली. "मालू, च्या टाक गं, पारिसा आलाय."

मिळाली क्षमा. फुकटात मिळाली. पारिसा बसला, पण त्याची नजर त्या चष्म्यावरून हलेना. राहवेना म्हणून त्यानं विचारलं, "चष्मा कवा लागला?"

"मिरजेला जाऊन आलो की." भावकूनं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "डाक्टर म्हणाला, डोळे ठीक हायत. मी म्हटलं, ठीक कसं असतील? माझ्या हातातल्या नळीत ढग आलता आन् मला दिसला न्हाय. लई मागं लागलो, मग त्यानं दिला कसलातरी नंबर. घातला की डोकं भणभणतंय, पण घालतोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुला म्हणून सांगतो, दसरा झाला की नोकरी सोडणार हाय. बेळगुंदीला जातो. ज्याचं बघणंच खोटं त्यानं पोरांना रसायन शिकवू नये. औत हाकाय डोळं बेताचं असलं तरी भागतंय."

तोच शब्द. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. पारिसानं दिलेला शब्द भावकूनं खरा मानून अंगाला लावून घेतला होता. पारिसाला वाटलं, धरणीनं आत्ता पोटात घ्यावं. मालुबाईनं चहाचा कप पुढं केला, तो त्यानं तसाच खाली ठेवला.

"ढग नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"ढग नव्हता रं. तुझ्या नळीत ढग आलाच नव्हता. तू बरोबर बघितलंस." आणि मग आक्का, लवंग, थाळ्यावरचे थेंब, सगळं भडाभडा बाहेर पडलं. कधीपासून ठाऊक होतं तेही त्यानं सांगितलं, पर्वाआधीपासून. त्यानं काही राखून ठेवलं नाही.

भावकू ऐकत होता. आधी त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे माझे डोळे बरे हायत?" तो बायकोकडे वळला. "मालू, ऐकलंस का? माझे डोळे बरे हायत!" लहान पोरासारखा दोनदा बोलला. मालुबाईनं पदर तोंडाला लावला. पारिसाला वाटलं, ह्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

मग भावकूचा चेहरा हळूहळू बदलला. "पर्वाआधीपास्नं ठाव होतं?"

पारिसानं मान खाली घातली.

"आन् मघाशी हात जोडलेस ते कशाबद्दल?"

पारिसानं दोन्ही हात मांडीखाली दडपले.

"मघाची क्षमा मी मागं घेतली," भावकू म्हणाला. "मला वाटलं रीत म्हणून आलास. जिथं मला म्हैस म्हणालास तिथंच, त्याच माणसांत हे सांग. मग बघू."

पारिसानं सांगितलं. सोमवारी त्याच प्रयोगशाळेत, प्रिन्सिपल, नागोजीराव, वरच्या वर्गाची मुलं, सगळ्यांना बोलावून त्यानं परसातली ती नळी मुठीत धरली आणि उघडून दाखवली. "माझं भाकीत खोटं ठरलं आहे. भावकूनं ते पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं. मी त्याचा अपमान केला, आणि खरं कळल्यावरही गप्प बसलो. मला त्याची लाज वाटते." त्यानं शब्द एकही गिळला नाही.

नागोजीराव उठले, त्यांच्या डोळ्यांत पाणी. "वा! चौगुले, वा! असा खरेपणा आजकाल बघायला मिळत नाही!" प्रिन्सिपलनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "शास्त्रज्ञ असावा तर असा. भाकितं काय, चुकतात. हे मन कुठून आणायचं?" मुलांनी टाळ्या वाजवल्या. म्हशीच्या वेळी हसलेली तीच मुलं. सगळ्यांनी पारिसाभोवती गराडा घातला, कुणी पाठीवर हात ठेवतंय, कुणी पाया पडतंय.

पारिसा ओरडला, "अहो, माझ्याकडं काय येताय, त्याच्याकडं जा!" तर नागोजीराव म्हणाले, "बघा, किती ही नम्रता!"

भावकू टेबलाच्या पलीकडं एकटा उभा होता. "पाटील, उद्यापासून प्रयोगशाळा तुमचीच हं," प्रिन्सिपल त्याला गर्दीवरून म्हणाले आणि परत पारिसाकडे वळले. भावकूनं टेबलावरची नळी उचलून जागेवर ठेवली आणि बाहेर पडला.

पारिसा गर्दी ढकलून धावला. पायऱ्यांवर त्यानं भावकूला गाठलं. त्यानं हात जोडले, या वेळी कशाबद्दल ते नीट ठाऊक असलेले हात. "भावकू, क्षमा..."

"मागू नगंस," भावकू शांतपणे म्हणाला. "व्हय म्हटलं तर तू सुटलास. न्हाय म्हटलं तर उद्या ही माणसं म्हणतील, बघा, चौगुले एवढा मोठा आन् पाटील किती हलका. मला दोन्ही नको. तू आपलं तास घे, मी माझं घेतो."

तो वरच्या वर्गाकडं वळला. आतून अजून कुणीतरी चौगुले सरांना हाका मारत होतं, आणि पारिसा जोडलेले हात तसेच घेऊन पायरीवर उभा राहिला.